बाईंच्या वर्गातलं मंत्रिमंडळ

आमच्या नागरिकशास्त्राच्या बाई हसत नसत आणि चिडतही नसत. सगळं एकाच सुरात. सातवीच्या वर्गावर आल्या की पहिल्याच दिवशी त्या मंत्रिमंडळ स्थापन करायच्या. माठ भरणारा पाणीपुरवठामंत्री, फळा पुसणारी शिक्षणमंत्री, मॉनिटर गृहमंत्री आणि सगळ्यांवर मुख्यमंत्री. मला कुठलंच काम धड जमत नसे, म्हणून मी राज्यपाल झाले. कराडजवळच्या त्या गावात एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

"कारभार सगळा तुझ्या नावानं चालणार," बाई म्हणाल्या, "पण ठरवणार मंत्रिमंडळ. त्यांनी सल्ला दिला की तू मान डोलवायची." शिक्षा म्हणून उन्हात उभी राहिलेली मुलं माझ्याकडे माफी मागायची. मंत्री हात वर करायचे, मी मान डोलवायची. बहुतेक सगळेच सुटत. गृहमंत्री तेवढा कुरकुरायचा, "अशानं मला कोण भिणार?"

बाईंचा धाकटा भाऊ जन्मठेप भोगत होता. बांधावरच्या भांडणात त्याच्या हातून चुलतभावाचा जीव गेला होता. गावाला माहीत होतं आणि बाईही लपवत नसत. भाऊ पुण्याला नोकरीला आहे असं सांगावं, तसं त्या भाऊ तुरुंगात आहे असं सांगत. शिक्षा माफ व्हावी म्हणून त्यांनी खऱ्या राज्यपालांकडे अर्ज केला होता. उत्तर येत नव्हतं.

राज्यपालांच्या माफीच्या अधिकाराचा धडा आला त्या दिवशी आमचा गृहमंत्री उभा राहिला. "बाई, तुमच्या भावाला सोडायचा ठराव मांडतो." सगळे हात वर झाले. मी मान डोलवली. बाईंनी खडू टेबलावर ठेवला. "ठराव रीतीनं झाला. पण आपलं राज्य या चार भिंतींपुरतं आहे," म्हणाल्या आणि खडू उचलून पुढचं शिकवू लागल्या. त्या रडतील असं मला वाटलं होतं.

दिवाळीनंतर अर्ज नामंजूर झाला. दुसऱ्या दिवशी बाई वेळेवर आल्या. त्याच दिवशी एकानं माठ फोडला आणि तो उन्हात उभा राहिला. माठ गेल्यानं सगळेच तहानलेले, त्यामुळे एकही हात वर झाला नाही. मला काही करता येईना. बाईंनी दाराकडे पाहिलं.

"आत ये रं," त्या म्हणाल्या. घरची बोली त्यांनी वर्गात पहिल्यांदाच काढली.

"पण बाई, मंत्रिमंडळानं..." गृहमंत्री म्हणाला.

"असू दे."

पुढच्या वर्षी त्यांनी मंत्रिमंडळ नेमलंच नाही.

मी आता सांगलीत असते. गेल्या महिन्यात बाई गेल्या. भावाला पोलीस पहाऱ्यात कराडच्या संगमावर आणलं होतं, अग्नी देण्यापुरतं. केस पांढरे झालेले. मला वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटत नव्हतं. मी घाटावर बसून नुसती पाण्याकडे बघत होते. शेजारच्या मावशींनी बाईंच्या भावाला सांगितलं, "ही बाईंच्या वर्गात राज्यपाल हुती."

ते माझ्यापाशी आले. "तूच का ती राज्यपाल?"

"हो."

"आक्का भेटीला आली की लय येळा सांगायची. वर्गानं तुला सोडलंय, म्हनायची."

"चला," पोलीस म्हणाला.

ते हलले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. मी मान डोलवली. मग पोलिसांनी त्यांना गाडीत बसवलं.