पायलटच्या जीपमधली बाई

ती घटना आजही आठवते. घरी कधी सांगायला बसलो की नातवंडं हसून लोळतात. पण त्या दिवशी ठाण्यात हसण्यासारखं काही नव्हतं. एका माणसाच्या हातातली गाडीची किल्ली राहणार की जाणार, असा प्रश्न होता आणि तो सोडवायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

सत्तर सालानंतरची गोष्ट. कोल्हापूरला लागून जाणाऱ्या हमरस्त्यावरच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. जिल्ह्यात साखर कारखाने एकामागून एक उभे राहत होते. त्यांचे बॉयलर, रोलर, टाक्या असा अवजड माल दक्षिणेकडून ट्रेलरवर यायचा. बॉयलर इतका रुंद की समोरून नुसती बैलगाडी आली तरी पंचाईत. म्हणून ट्रेलरच्या पुढं एक जीप चालायची. तिला सगळे 'पायलट' म्हणत. दोन्ही अंगांना लाल निशाणं आणि पुढं 'मागे अवजड वाहन' अशी पाटी. समोरच्या एसट्या आणि उसाच्या गाड्या बाजूला घ्यायला लावायच्या, तार किंवा फांदी आडवी येत असेल तर हात करायचा, हे पायलटचं काम. मागच्या ट्रेलरला अडचण आली की तो भोंगा वाजवणार आणि भोंगा ऐकून पायलट थांबणार. सगळा कारभार त्या भोंग्यावर. आम्ही ठाण्यातला एक शिपाई ट्रेलरच्या केबिनमध्ये बसवून देत असू.

या धंद्यात एका चाचांची जीप मशहूर होती. नाव लिहीत नाही, चाचाच म्हणतो. उमेदीची वर्षं त्यांनी उद्यमनगरात बॉयलर ठोकण्यात घालवली होती. पुढं लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतली आणि आधी ज्या बॉयलरांवर घण घातले त्यांनाच रस्ता दाखवू लागले. साठीकडं झुकलेले, पण अंगानं दणकट. आवाज असा की उचगावात बोलले तर कोल्हापुरात कुणीतरी 'ओ' द्यावी.

एके सकाळी उचगावच्या फाट्यावर चहाची गाडी लावणारा आमचा खबऱ्या ठाण्यात आला. इकडं तिकडं बघून तो टेबलावर वाकला.

"साहेब, त्या पायलटच्या जीपमधी दर खेपंला एक बाई असती. मागच्या बाकड्यावर, मागं तोंड करून बसती. नजर सारखी मागं. कोन पाठलाग करतंय का बगत असनार की! मांडीवर गठुडं हाय. निपाणीकडनं येनारी गाडी, वर तुमचा शिपाई संगं. नाक्यावर कोन अडवतंय तिला?"

बोलणं बिनबुडाचं नव्हतं. गोव्याची चोरटी दारू त्या काळी बायकांच्या गठुड्यांतून, दुधाच्या कॅनमधून, एकदा तर नवरदेवाच्या फेट्यांच्या पेटीतून आलेली मी स्वतः पकडली होती. शिवाय सोबत आमचा शिपाई, म्हणजे शिंतोडा ठाण्यावरही उडणार. त्याच दिवशी एक बॉयलर येणार होता. जीप अडवायची ठरली.

उचगावाजवळ मी हात केला. जीप थांबली, पाठोपाठ तो अजस्र ट्रेलर रस्त्याकडेला धापा टाकत उभा राहिला. बाई खरोखरच होती. डोक्यावरून पदर, हातांत हिरव्या बांगड्या, मांडीवर गठुडं. ती चाचांचीच घरवाली निघाली. ट्रेलरमधून उतरलेला आमचा शिपाई म्हणाला, "साहेब, ही तर चाची. लई भित्री हाय बिचारी. घरात एकटी ऱ्हात न्हाय म्हनून संगं असती."

दोन पंच बोलावून झडती घेतली. गठुड्यात भाकरी, लसणाची चटणी आणि घरी शिवलेली लाल निशाणं. जीप पार खालपर्यंत बघितली. काही नाही.

इथंच सोडून द्यायला हवं होतं, असं वाचकाला वाटेल. पण एक गोष्ट मला खटकत होती. चाचांना काहीही विचारलं की उत्तर चाची देत होती. कुठून निघालात? चाची. वाटेत कुठं थांबलात? चाची. एखाद्याच्या वतीनं दुसरं कुणी घाईघाईनं बोलतं तेव्हा पाणी मुरतंय असं समजावं, हा माझा अनुभव. मी दोघांना ठाण्यात घेतलं. चाचांना आत बसवलं, चाचीला व्हरांड्यातल्या बाकावर.

आमचे जमादार आधी लिहायला बसले. वयस्कर, शांत, रोज सकाळी गुळगुळीत दाढी-मिशी करणारा माणूस. त्यांनी नाव, गाव, वय विचारलं. चाचांनी सगळं बिनचूक सांगितलं. मग मी पुढं झालो.

"गोव्याचा माल आणता का गाडीतून?"

"व्हय साहेब."

जमादारांनी चमकून वर पाहिलं.

"कुणाला पोचवता?"

"व्हय साहेब."

"दारू आणता, हे कबूल आहे तुम्हाला?"

"व्हय की साहेब," चाचा अदबीनं म्हणाले आणि टोपी नीट केली.

इतका गोड कबुलीजबाब उभ्या नोकरीत मला मिळाला नव्हता. पट्टीचे चोर दोन-दोन दिवस तोंड उघडत नाहीत आणि इथं चहा यायच्या आत आरोप मान्य! मला तो जबाब गिळवेना. मी टेबलाजवळ गेलो आणि अगदी त्याच सुरात विचारलं, "आणि गेल्या पावसाळ्यात तुम्ही पंचगंगेत बुडून मेलात, हे खरं का?"

"व्हय साहेब."

जमादारांनी टाक खाली ठेवला. क्षणभर विचार करून ते चाचांसमोर बसले आणि साध्या आवाजात म्हणाले, "चाचा, चहा कसा घ्येनार?"

"साखर कमी," चाचा म्हणाले.

माझा हात आपोआप माझ्या मिशांकडं गेला. तेव्हा माझ्या मिशा चांगल्या झुपकेदार होत्या, वरचा ओठ पार झाकून टाकणाऱ्या. जमादारांचे ओठ चाचांना दिसत होते, माझे दिसत नव्हते. हा माणूस ठार बहिरा होता. पोलिसासमोर 'काय म्हणालात?' असं पुन्हा पुन्हा विचारणं नको, म्हणून आपला सगळ्याला 'व्हय' म्हणत होता.

इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? त्याचं उत्तर कोल्हापूर. आमच्याकडं शेजारच्या माणसाशीही नदीपलीकडं हाक मारल्यासारखं बोलतात. पुण्यात हा माणूस चार दिवसांत उघडा पडला असता. इथं तो मोठ्यानं बोलला तर लोक म्हणणार, गडी दिलदार हाय.

मी व्हरांड्यात आलो.

"चाची, चाचांना ऐकू येत नाही."

तिनं दाराकडं पाहिलं. "हळू बोला साहेब!" म्हणाली आणि लगेच स्वतःच कसनुसं हसली. "हळू तरी कशापायी म्हनतो मी."

मग ती हळूहळू बोलली. कोल्हापूरच्या बायका बोलतात तशी, 'मी करतो, मी जातो' म्हणत.

"धाकटीच्या लग्नाआदीपासनं कमी झालतं. आता न्हायच म्हना. बॉयलरात बसून घण मारल्यात, कान ऱ्हानार कसं?"

"मग गाडी कशी चालवतात?"

"मी हाय न्हवं. मी मागं तोंड करून बसतो. ट्रेलरचा भोंगा वाजला की दचकतो आनि त्यांचा खांदा धरतो. मग ते गाडी थांबवत्यात. म्हनत्यात, किती गं भित्री तू."

"म्हणजे तुम्ही भीत नाही?"

"साहेब, गल्लीतल्या निम्म्या पोरी बाळंत केल्यात ह्या हातांनी. भोंग्याला भिऊ व्हय?"

"मग त्यांना सरळ सांगत का नाही?"

चाचीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्येंला वाटतंय, मला ठाव न्हाय. मी काय बोलतो ते कळावं म्हनून दिसभर माझ्या तोंडाकडं बगत बसत्यात. गल्लीतल्या बायका हसत्यात, म्हातारपनी बाईलवेडा झालाय म्हनत्यात. त्येंची तेवढी आब ऱ्हाऊ दे म्हनून मी बी भित्री होऊन बसलो. काय करायचं ते करा साहेब, पर मला ठाव हाय हे त्येंला सांगू नका."

मी तिच्याशेजारी बाकावर बसलो. फौजदारानं असं बसू नये, पण बसलो. कायदा मला माहीत होता. बहिऱ्या माणसाला गाडी चालवता येत नाही, आणि तो कायदा योग्य आहे. मी म्हणालो, "चाची, मागचा भोंगा तुम्ही कळवता, पण पुढचं काय? हातकणंगल्याच्या रेल्वे फाटकाशी इंजिनानं शिट्टी दिली तर? कुणी मूल आडवं येऊन ओरडलं तर? तुमचं तोंड तर मागं."

ती डोळे पुसत म्हणाली, "ते बी खरं हाय. फाटक आलं की मी दुवा म्हनत असतो. पर जीप सुटली तर हे घरात बसून वाळतील."

तिकडून ट्रेलरच्या ड्रायव्हरचे निरोपावर निरोप येत होते. रस्त्यात गाड्या तुंबल्या होत्या. किल्ली तर चाचांच्या हातून काढून घ्यायलाच हवी होती. पण 'तुम्ही बहिरे आहात' म्हणून काढली तर चाचीनं इतकी वर्षं जपलेलं सगळं एका वाक्यात मोडणार होतं. मला एक वाट सुचली. मी आत गेलो, जमादारांच्या कानात सांगितलं आणि त्यांनी चाचांकडं तोंड करून सावकाश बोलायला सुरुवात केली.

"चाचा, गाडीत काय सापडलं न्हाय. पर साहेबांचं म्हननं असं हाय. तुमची घरवाली भित्री. भोंगा वाजला की गाडी चालवनाऱ्याचा खांदा धरती. हे धोक्याचं हाय. तवा एक करा. एकतर तिला घरात ठिवा, न्हाईतर तुमी मागं तिच्यापाशी बसा आनि जीप दुसऱ्याला चालवू द्या."

आता हे घरवालीला घरी ठेवतो म्हणणार, असं मला वाटलं होतं. इतकी वर्षं ज्या स्टिअरिंगवर गेली ते बायकोच्या भित्रेपणासाठी कोण सोडेल? तसं म्हणाले असते तर मला नाइलाजानं खरं कारण काढून लायसन घ्यावं लागलं असतं.

चाचांनी दारातून व्हरांड्याकडं पाहिलं. तिथं चाची पाठमोरी बसली होती. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"पोरी आपापल्या घरी गेल्या, साहेब. हिला साधा भोंगा सोसत न्हाय. घरात एकटी कशी ऱ्हाईल? ऱ्हाऊ दे. मी बसतो तिच्याजवळ."

जमादार उगाचच टाक पुसत बसले.

उठता उठता चाचा माझ्या जवळ आले. सगळ्या मुलुखाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलणारा तो माणूस पहिल्यांदाच इतकं हळू बोलला की मलाच कान पुढं करावा लागला.

"साहेब, मला ऐकाय येत न्हाय. तुमी वळखलंसा, तुमच्या डोळ्यांत दिसलं मला. पर तिला ठाव न्हाय. तिला सांगू नका. आदीच भित्री हाय, जीवाला लावून घील."

मी मान हलवली. ते तेवढं त्यांना नीट समजलं.

आमच्या एका शिपायाला जीप चालवता येत होती. त्याला बसवून दिलं. मागच्या बाकावर दोघं शेजारी शेजारी बसली आणि बॉयलर हातकणंगल्याच्या दिशेनं हलला. पुढं चाचांनी लायसन आपणहून परत केलं आणि ओळखीतला एक ड्रायव्हर नेमला. जीप त्यांचीच राहिली, कामही राहिलं. मागच्या बाकावरून मालावर नजर ठेवायला आता दोन माणसं होती आणि पुढच्या रस्त्याला ऐकणारे कान. त्यामुळे ट्रेलरवाले उलट त्याच जीपची मागणी करू लागले. खबऱ्या मात्र बरेच दिवस मला विचारत होता, "साहेब, सापडलं का काय?" मी त्याला चहा सांगायचो आणि गप्प बसायचो.

पोलिसात गेलं की माणूस काहीतरी लपवतोय हे ओळखायला लवकर येतं. काय लपवतोय आणि कुणासाठी, हे कळायला वेळ लागतो. मला ते त्या दिवशी कळलं, आणि त्यानंतर समोरच्या माणसाच्या 'व्हय'वर मी कधीच एकदम विश्वास ठेवला नाही. मिशाही बारीक केल्या. बायको खूश झाली, तिला कारण सांगितलं नाही.

प्रशिक्षणात आम्हाला एक नियम शिकवला होता. दोन संशयितांना वेगळं बसवून विचारायचं. दोघांचे जबाब शब्दाला शब्द जुळले तर ते आधी ठरवून आलेत असं धरायचं. त्या दिवशी मी दोघांना वेगळं बसवलं होतं. एक व्हरांड्यात, एक आत. दोघांनी एकमेकांबद्दल मला एकच गोष्ट सांगितली, सांगू नका म्हणून. जबाब जुळले होते, आणि त्यांनी काहीही ठरवलेलं नव्हतं.

आता दोघंही नाहीत, म्हणून लिहिलं.