मुग्धाच्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल

हाताला लागलेलं ग्रीस रॉकेलनं निघतं, ग्रीससोबत चिकटलेले किस्से काही निघत नाहीत. कात्रजच्या पुढे विलासदादांच्या शेतात आमचा मातीचा ट्रॅक आहे आणि कडेला एक पत्र्याची शेड. विलासदादा जमिनीचे मालक आणि आमचे मेकॅनिकसुद्धा. रविवारी सकाळी आम्ही एटीव्हीवाले तिथे जमतो. एटीव्ही म्हणजे जाड टायरांची, हँडल असलेली, चार चाकांची उघडी गाडी. तिचा एखादा पार्ट बदलायचा म्हटलं तर सकाळ पुरते. मुग्धाच्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल बदलायला मात्र अख्खा पावसाळा गेला, कारण तो तिच्या बाबांनी निवडला.

*

सुरुवात एका उडीपासून झाली. मुग्धाची गाडी उंचवट्यावरून उडाली, तिरकी आपटली आणि कलंडली. हेल्मेट होतं म्हणून खांद्याजवळच्या हाडावर निभावलं. घरी तिनं "गाडीवरून पडले" एवढंच सांगितलं. ते खरंच होतं. कुठली गाडी, ते सांगायचं तेवढं राहून गेलं.

तिचे बाबा, म्हणजे आमचे दामले काका, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथे सगळी नोकरी माल तपासण्यात गेली. त्यांनी खाली जाऊन मुग्धाची स्कूटर तपासली. साधा ओरखडाही नव्हता. पुढच्या रविवारी काका शेडमध्ये हजर!

विलासदादांनी एटीव्ही स्टँडवर चढवून मागचं चाक फिरवलं. ते डुलत डुलत फिरलं. मागच्या दोन चाकांना जोडणारा लोखंडी दांडा, म्हणजे अ‍ॅक्सल, वाकला होता. मुग्धा हात गळ्यात बांधून, मान खाली घालून उभी. आम्हाला वाटलं, संपलं, आता गाडी विकायला काढणार.

काकांनी चष्मा पुसला. "गाडी चालवायची की नाही, ते तू ठरव. लहान नाहीस. दांडा मात्र मी निवडणार. तो मी पास केल्याशिवाय हिवाळ्यातल्या रेसला उतरायचं नाही."

"आणि तुम्ही पासच केला नाहीत तर?"

"तर घरात कॅरम आहे," काका म्हणाले.

मुग्धा त्या रेससाठी दोन वर्षं तयारी करत होती. त्यामुळे कॅरमवर कोणी हसलं नाही.

*

मूळ कंपनीचा अ‍ॅक्सल परत बसवायचा नाही, बाहेरचा मजबूत घ्यायचा, एवढं पहिल्याच दिवशी ठरलं. काका मला घेऊन नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदारानं माप ऐकलं आणि विचारलं, "कुठल्या रिक्षासाठी?"

"मुलीसाठी," काका म्हणाले.

दुकानदार जरा सावरून बसला. त्यानं एका अ‍ॅक्सलचा फोटो दाखवला. ऑर्डर देऊन मागवावा लागेल, पण वॉरंटी एकदम कडक, वाकला तर काही न विचारता नवा.

"दांडा वाकला तर नवा देणार," काका म्हणाले. "आणि मुलगी वाकली तर?"

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी छताला लटकलेल्या क्लच वायरींकडे पाहिलं.

*

खरा वाद होता रुंदीचा. अ‍ॅक्सल जितका लांब, तितकी चाकं एकमेकांपासून दूर आणि गाडी कलंडायची भीती कमी. पण अशी गाडी वळायला आळशी होते. काकांना सगळ्यात रुंद हवा होता, मुग्धाला अरुंद.

काका पुराव्याशिवाय बोलत नाहीत. ते टेप घेऊन मंडईत गेले आणि कलिंगडांनी भरलेल्या एका हातगाडीची चाकं मोजायला खाली वाकले. गाडीवाल्याला वाटलं, अतिक्रमणवाले आले. तो घाईघाईनं कलिंगडं उतरवायला लागला. "साहेब, लगेच काढतो गाडी."

"अहो, काढू नका," काका खालून म्हणाले. "मला भरलेली असतानाच मोजायची आहे."

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "एवढं ओझं आहे, पण हातगाडी उलटत नाही."

"बाबा," मुग्धा म्हणाली, "हातगाडी रेसही लावत नाही."

*

अखेर रुंदी कमीजास्त करता येणारा अ‍ॅक्सल मागवला. दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या घातल्या की चाकं बाहेर, काढल्या की आत. काकांनी तो उजेडात धरून पाहिला, नखानं वाजवला, गिऱ्हाइकानं नारळ वाजवावा तसा, आणि म्हणाले, "पास. सगळ्या कड्या घाला."

विलासदादांनी घातल्या. गाडी इतकी ऐसपैस दिसायला लागली की मुग्धालाही हसू आलं. मग आम्ही ती ढकलत दारापर्यंत नेली आणि तिथेच थांबलो. हातगाडी मोजली होती, गाडी रेसला न्यायचा टेम्पो मोजला होता, शेडचं दार कोणीच मोजलं नव्हतं. गाडी बाहेर निघेना!

विलासदादा दाराला टेकून म्हणाले, "काका, गाडी आता हितंच हाय. ताईंना म्हणावं, हितंच चकरा मारा."

"आत पाऊसही लागत नाही," काका म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते.

चाकं काढून गाडी बाहेर आणता आली असती, पण "दर रविवारी चाकं काढायला मी मोकळा न्हाय" असं विलासदादांनी सांगून टाकलं. मग दारातून जेमतेम निघेल एवढ्याच कड्या ठेवल्या. बापलेकींचा महिनाभराचा वाद दारानं मिटवला.

*

खंडेनवमीला शेडमध्ये गाड्यांची पूजा असते. काकांनी झेंडूचा हार आणला होता. मुग्धानं नवा अ‍ॅक्सल पुसून चकचकीत केला. काकांनी कोपऱ्यातला जुना, वाकलेला दांडा ओढून काढला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि हार घातला.

"बाबा, नवा इकडे आहे."

"नव्यानं अजून काय केलंय?" काका म्हणाले. "हा वाकला, म्हणून तू एका हाडावर सुटलीस."

हे शास्त्रात बसतं का, मला माहीत नाही. त्या दिवशी कोणाची विचारायची छाती झाली नाही. विलासदादांनी तर आरतीचं ताट आधी त्या दांड्यापुढेच फिरवलं.

*

रेसच्या दिवशी काका आले, पण ट्रॅककडे पाठ करून उभे राहिले, चहाच्या टपरीकडे तोंड करून. मला शेजारी उभं केलं. "निखिल, तू बघ. मला फक्त सांग. चारही जमिनीवर?"

पहिल्या वळणावर मी खरं सांगितलं. "आत्ता दोन आहेत, काका." काकांनी माझं मनगट असं धरलं की घड्याळाचा पट्टा रुतला.

त्यानंतर मी सुधारलो. मुग्धा उंचवट्यावरून उडाली, गाडी आणि जमीन यांच्यात एक म्हैस निघून गेली असती.

"चारही जमिनीवर?"

"हो काका, चारही."

मुग्धा तिसरी आली. काकांनी नंबर विचारला नाही. ते तिथेच मातीत आडवे झाले, गाडीखाली हात घालून अ‍ॅक्सल या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला आणि म्हणाले, "सरळ आहे." मग मुग्धाच्या खांद्यावरून, त्याच हाडावरून, तसाच हात फिरवला. मला रडू आलं, सांगायला लाज कसली.

*

यंदा काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुग्धानं वॉकर आणला, दुकानात प्रत्येक वॉकरवर स्वतः लोंबकळून पाहून. घरी आल्यावर पहिल्यांदा चालायचं, तर काका म्हणाले, घरात नाही, बाहेर पॅसेजमध्ये चालणार. मी त्यांच्या एका बाजूला, विलासदादा दुसऱ्या बाजूला.

मुग्धा कुठे दिसेना. पाहिलं तर ती लिफ्टच्या बंद दाराकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून उभी होती.

"निखिल," ती तिकडूनच म्हणाली, "चारही जमिनीवर?"

काकांनी त्याच वेळी वॉकर पुढे टाकायला उचलला होता. चारही पाय हवेत.

"हो," मी म्हणालो, "चारही."

"खोटं बोलतोय," काका पाऊल टाकत म्हणाले. "रेसच्या वेळीही असाच बोलत होता."