सागाची खुंटी

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळत आलो. बायकोला सांगितली नाही, मुलालाही नाही. मध्यंतरी वर्कशॉपमधली आम्ही जुनी माणसं एकाच्या घरी जेवायला जमलो होतो. जुन्या फजित्या निघाल्या आणि त्यात आमच्या मिस्त्रीचीही निघाली. "नारळ फोडला आणि क्रेन झोपवली," असं कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र स्वतःचीच चीड आली. मिस्त्री आता नाही. त्याच्यामागे लोक जे सांगतात ते खोटं आहे, आणि खरं काय ते फक्त मला माहीत आहे.

अंबडच्या त्या शेडमध्ये मी फोरमन होतो. आमच्याकडे क्रेनचे जॅक दुरुस्तीला येत. जॅक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा जाड नळा. त्याच्या जोरावर क्रेनचं बूम, म्हणजे वजन उचलणारा लांब हात, वर जातं. नळ्याच्या आत पिस्टन आणि पिस्टनवर रबरी सील. सील गेलं की तेल आतल्या आत झिरपतं आणि बूम वजन धरत नाही. सील बसवण्यात आमच्या मिस्त्रीचा हात धरणारा कुणी नव्हता. हरसूलकडचा, डोंगरातला माणूस. सिन्नरपर्यंतचे क्रेनवाले त्याच्या भरवशावर जॅक आणून टाकायचे. शेतात भाताचे दोन तुकडे, बाकी घर या नावावर चालायचं.

त्याची एक पद्धत होती. नळ्याच्या तोंडाशी तेलाचं भोक असतं आणि त्याची आतली कड धारेची असते. पिस्टन आत सरकवताना सील त्या भोकावरून जातं, फुगून भोकात शिरतं आणि कापलं जातं. म्हणून मिस्त्री आधी बाहेरून त्या भोकात सागाची खुंटी बसवायचा. आतून बोट फिरवलं तरी भोक कुठे आहे ते कळू नये इतकी सपाट. मगच पिस्टन आत. या खुंट्या त्याने स्वतः तासलेल्या होत्या.

आणि आमच्या शेडची एक रीत होती. ज्याने जॅक बंद केला त्यानेच क्रेनसमोर नारळ फोडायचा. त्यात पूजा कमी आणि हमी जास्त. नारळ फोडला म्हणजे काम माझं, पुढे काही झालं तर बोल मला.

ज्याच्यावरून ही फजिती झाली तो जॅक पहिल्यापासून छळत होता. तोंडावरचं झाकण गंजून इतकं धरलेलं की गॅसने तापवून, पाइप लावून, दोघं लोंबकळलो तरी हलेना. हललं तर आटे खराब. सील किट मागवलं, ते चुकीच्या मापाचं निघालं. बदलून आणलं, त्यात एक रिंग कमी. क्रेनवाला सिन्नरचा. त्याला एका कारखान्यात मशीन उतरवायचं होतं आणि तो सकाळपासून आमच्या डोक्यावर उभा. "फोरमनसाहेब, जॅक खोलताय का बाळंतपण करताय?" असं दर थोड्या वेळाने विचारायचा आणि आपल्याच विनोदावर हसायचा.

नेमकी भातकापणी होती. मिस्त्री आदल्या दिवशी गावी गेला होता. जाताना मला सांगून गेला, की सगळं धुऊन, पुसून ठेवा, पण मी आल्याबिगर बंद करू नका. दुपारच्या आत येतो म्हणाला होता. दुपार टळली. एसटी आली नसेल, हे मला कळत होतं. तरी राग त्याच्यावरच येत होता. शेठ केबिनमधून दोनदा डोकावून गेले. शेवटी मी म्हटलं, मी काय आज पहिल्यांदा जॅक पाहतोय?

खुंटी काढली, भोकात घातली. ती बसेना. आत ठोकली तर आतून कड वर राही. ती खरवडली तर सैल होऊन नळ्यात पडे. पुन्हा घातली, पुन्हा पडली. मागून क्रेनवाला म्हणाला, "आता सुतारकाम पण सुरू केलं का?" मी खुंटी डब्यात फेकली आणि पिस्टन तसाच आत लोटला.

सील भोकावरून जाताना हाताला काहीतरी लागलं. आवाज म्हणावा असा नाही. नख तुटताना कळतं ना, तसं. मी थांबलो. पिस्टन बाहेर ओढून पाहणं एवढंच काम होतं. मी तो पुढे ढकलला आणि झाकण आवळलं.

जॅक क्रेनवर चढवत असताना मिस्त्री आला. पायांना अजून शेतातली माती होती. एसटी वाटेत बंद पडली, जीपने आलो, म्हणाला. मग आवळलेल्या झाकणाकडे पाहून त्याने हळूच विचारलं, "भाऊ, खुंटी मारली व्हती ना?"

"हो," मी म्हणालो.

रीतीप्रमाणे नारळ मी फोडायचा, पण क्रेनवाल्याने तो मिस्त्रीपुढे धरला. त्याला हमी मिस्त्रीचीच हवी होती. मिस्त्रीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्याने नारळ फोडला. रिकामं बूम वर गेलं, तिथेच थांबलं. सगळे खूश.

सिन्नरला वजन घेतल्यावर बूम हळूहळू खाली बसू लागलं. माणसं पटकन बाजूला झाली म्हणून बरं, पण मशीन कलंडलं आणि त्याचा पाया तडकला. जॅक परत आमच्याकडे आला आणि सगळ्यांसमोर उघडला. सीलवर चंद्रकोरीसारखा काप होता, बरोबर भोकाच्या आकाराचा. मिस्त्रीने ते सील बोटांत फिरवून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं.

शेठनी विचारलं, "नारळ कुणी फोडला?"

"म्या फोडला," मिस्त्री म्हणाला.

मी तिथेच उभा होतो, हातात चिंधी घेऊन. माझ्या निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते आणि शेठ माझ्याशी अजून 'अहो'ने बोलत होते. मी हात पुसत राहिलो.

त्या दिवसापासून मिस्त्रीला जॅकला हात लावू दिला नाही. पाइप धुण्यावर टाकलं. क्रेनवाले येऊन त्याला ऐकवत, आज कुणाची झोपवणार. काही आठवड्यांनी तो यायचाच बंद झाला. नंतर कळलं, दिंडोरीकडे द्राक्षांच्या छाटणीला जातो. तो माझ्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. भांडला नाही, याचाही मला रागच यायचा.

निवृत्तीनंतर एकदा हरसूलच्या बाजाराच्या दिवशी गेलो. वाक्य तयार करून गेलो होतो. मिस्त्री नागली, म्हणजे नाचणी, विकायला घेऊन बसला होता. मला पाहून उठला, पोतं झटकून बसायला दिलं, चहा मागवला.

"अजून जॅक खोलता का, भाऊ?"

"नाही रे. सोडलं सगळं."

"बरं केलं. लय ताप हाय त्यात."

यानंतर बोलायचं होतं. मी पाऊस विचारला. भात विचारला. गुडघे कसे आहेत विचारलं. तो प्रत्येक गोष्टीचं नीट उत्तर देत होता आणि मध्येमध्ये थांबत होता, मला जागा करून दिल्यासारखा. त्या प्रत्येक थांब्यावर मी चहाच्या कपात पाहिलं. एसटी लागली तेव्हा त्याने नागलीची पिशवी माझ्या हातात दिली. कितीही नको म्हटलं तरी परत घेतली नाही. पुढच्या पावसाळ्यात तो गेल्याचं कळलं.

त्या बाजाराच्या दिवशी एसटीत खिडकीपाशी बसलो तेव्हा तो खाली उभा होता. गाडी सुरू व्हायला वेळ होता, खिडकी उघडीच होती. म्हणायचं होतं ते एवढंच: मिस्त्री, खुंटी मी मारली नव्हती. सील कापलं गेलेलं माझ्या हाताला कळलं होतं. तुझ्या नावावर मी नारळ फोडू दिला. मला माफ कर.