हिराच्या नावापुढचा शब्द

आधीच सांगते, अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. बाबा मोर्च्यातले, मी अक्षरं जुळवायला शिकले ती ‘जमीन’ आणि ‘हक्क’ या शब्दांवर. सतराव्या वर्षी अंगारे देणाऱ्या एका भगताविरुद्ध मी स्वतः पत्रक लिहिलं आणि पनवेलच्या एसटी स्टँडवर उभं राहून वाटलं. त्यामुळे हा अनुभव या सदरासाठी लिहिताना लाज वाटतेय... पण जे झालं ते लपवणं हाही खोटेपणाच.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. पनवेलमध्येच, उरण नाक्याजवळ एका गाळ्यात मी मराठी टायपिंग आणि डीटीपीचं काम करायचे. एक असेंबल केलेलं मशीन, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. कॉम्प्युटर आहे म्हणून लोक चपला बाहेर काढून आत येत. खंडेनवमीला गाळ्याचे मालक मॉनिटरला हार घालायला आले, तेव्हा मी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. गिऱ्हाईक बहुतेक आसपासच्या गावांतलं — जमिनी प्रकल्पात गेलेल्या लोकांचे अर्ज, वारसांच्या याद्या.

एका गुरुवारी उलव्याकडच्या एका गावातून काशिनाथ आला. पस्तिशीचा, मिठागरावर काम केलेला, हाताला भेगा. सोबत त्याची आई, नागूबाई. ती बाकावर पदर सावरून बसली ती बसलीच. काशिनाथचे वडील जोमा नुकतेच वारले होते आणि त्यांच्या वारसांची यादी सोमवारपर्यंत कचेरीत द्यायची होती. नाहीतर गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या प्लॉटसाठीचा अर्ज बाद. काशिनाथ सांगत होता, मी टाइप करत होते. आजोबा, मयत. आजी, मयत. चुलता, मयत. मग म्हणाला, “हिरा जोमा. मुलगी. मयत लिवा, ताई.”

‘मयत’ टाइप केलं आणि मशीन हँग झालं.

हँग म्हणजे पूर्ण. असं झालं की मी नम लॉकचं बटण दाबून बघते. कीबोर्डवरचा दिवा लागला-विझला, तर मशीन नुसतं रेंगाळलेलं असतं. दिवा हललाच नाही, तर ते गेलेलं असतं. दिवा हलला नाही. बंद करून चालू केलं, सगळं पुन्हा टाइप केलं आणि प्रिंट देताना परत तेच. दोघांना शुक्रवारी या म्हटलं. ते गेल्यावर फाइल नुसती तपासायला उघडली, तर पुन्हा तसंच.

मी घाबरले नाही, चिडले. माझी एक वही होती, तिच्यात मशीनचं दुखणं लिहायचे — वेळ, काय चालू होतं, व्होल्टेज किती. स्टॅबिलायझर बदलला. अर्थिंग तपासलं. सीपीयू उघडून रॅम काढली, तिचे पितळी दात खोडरबरने घासून परत बसवले. पंख्यातली धूळ काढली. व्हायरस शोधणारी फ्लॉपी चालवली — काही नाही. मालक डोकावून म्हणाले, हार घालू दिला असता तर ही वेळ आली नसती. मी सीपीयूचे स्क्रू आवळत राहिले.

शुक्रवारी काशिनाथ आईला घेऊन आला, दुपारपर्यंत थांबला आणि रिकाम्या हाताने गेला. त्या दिवशी मशीन आणखी दोनदा अडकलं. संध्याकाळी वही चाळताना मला दिसलं की कधी टाइप करताना, कधी प्रिंट देताना, कधी नुसतं वाचताना मशीन थांबलंय, पण प्रत्येक वेळी स्क्रीनवर एकच ओळ होती. हिराची. बाकीच्यांपुढे ‘मयत’ बिनतक्रार टाइप होत होतं. नुसतं ‘हिरा’ही होत होतं. दोन्ही एका ओळीत आले की दिवा हलायचा नाही.

मी मनात म्हटलं, डिस्कचा तेवढा भाग खराब असणार. सरळ कारण! यादी फ्लॉपीवर घेतली आणि खांदा कॉलनीत सुहासकडे गेले. सुहास माझा कॉलेजमधला मित्र, कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करायचा. मी सांगितलं तेव्हा हसला. “तुझ्या मशीनला भगताकडे ने,” म्हणाला, “पत्रक मी छापतो.” मग त्याने स्वतःच्या मशीनवर, नव्या फाइलमध्ये, ती ओळ स्वतःच्या हाताने टाइप केली. त्याचं मशीन थांबलं. त्याने नम लॉक दाबलं. एकदा, दोनदा. मग हसणं बंद करून म्हणाला, “तू ही यादी हाताने लिहून दे आणि मोकळी हो.”

हाताने लिहून देता आली असती. पण माझ्या मनात आता वेगळाच प्रश्न होता, आणि तो मशीनचा नव्हता.

शनिवारी सकाळी दोघं आले. मी काशिनाथला सरळ विचारलं, बहीण कशाने गेली, केव्हा गेली. म्हणाला, तेव्हा तो पाचेक वर्षांचा होता. “बापानं इहिरीवर आंगोल केली. मला पन घातली. सांगितलं, हिरा मेली.” पुढे घरात कधीही नाव निघालं की वडील म्हणत, ती आमाला मेली. तो त्याच्यातच वाढला. ‘आमाला’ या शब्दाकडे लक्ष देण्याचं त्याचं वय नव्हतं, आणि वय झालं तोवर विचारायची सवय गेली होती.

मी नागूबाईंकडे बघितलं. त्या मॉनिटरकडे बघत होत्या. वाचता येत नव्हतं त्यांना. पण दोन दिवस ते मशीन मुलीच्या नावाशी येऊन थांबतंय, एवढं त्यांना कळलं होतं.

“नाय मेली ती,” त्या म्हणाल्या. “ट्रकवाल्यासंगं गेली. आपल्या जातीचा नवता त्यो.”

काशिनाथ हसल्यासारखं काहीतरी करायला गेला, ते झालं नाही.

नवऱ्याने नागूबाईंना शपथ घातली होती — तिचं नाव घ्यायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही. शपथ त्यांनी पाळली. पण दर शनिवारी त्या पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसत आणि हिरा बेलपाड्याहून तिथे येई. “ती बगते, मी बगते. बोलत नाय. मागच्या साली तिची लेक पन होती संगं.”

तीस वर्षं. बेलपाडा ते पनवेल तासाभराचाही रस्ता नाही.

मी कायद्याचं बोलायला तोंड उघडलं होतं. मुलीचा हक्क, खोटी यादी — सगळं पत्रक तयार होतं. पण काशिनाथने हात वर केला. ‘हयात’ लिहिलं तर प्लॉटमध्ये बहिणीचा वाटा येतो, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

“हयात लिवा,” म्हणाला. “हिरा जोमा. हयात.”

टाइप केलं. सेव्ह झालं. प्रिंटर करकरला आणि पूर्ण यादी एका दमात बाहेर आली. कागद हातात घेऊन त्याने आईला विचारलं, “आता कुटं गावंल ती?”

शपथ अजून होतीच. नागूबाई उठल्या, दारात जाऊन चपला घातल्या आणि मागे न वळता म्हणाल्या, “आज शनवार हाय.”

दोघं बाजाराच्या दिशेने गेले.

सुहास म्हणतो, फॉन्टमधली गडबड असेल, अक्षरांची एखादी विशिष्ट जुळणी. असेल. मग दुसऱ्या मशीनवरही तीच का आणि आम्ही दोघांनी नंतर फॉन्ट तपासला तेव्हा काही का सापडलं नाही, हे त्यालाही सांगता येत नाही. मशीन त्यानंतर दोन वर्षं चाललं. वहीत पुढे एकही नोंद नाही.

एक कबुली मात्र द्यायला हवी. ते गेल्यावर मला शेवटचा प्रयोग करायचा होता — ‘हयात’ खोडून त्या ओळीत पुन्हा ‘मयत’ टाइप करायचं आणि नम लॉक दाबायचं. शास्त्र तेच सांगतं. फाइल उघडी होती, कर्सर तिच्या नावापुढे लुकलुकत होता. भीती वाटली नाही, खरंच नाही. पण बाजारात त्या वेळी कोण कोणासमोर उभं असेल, ते डोळ्यांपुढे आलं आणि तो शब्द परत तिच्या नावापुढे माझ्या हाताने लिहायचा, हे काही जमेना.

मी फाइल बंद केली. स्पष्टीकरण आजही माझ्याकडे नाही, आणि ते नसण्यात माझाही वाटा आहे.