कॅमेऱ्यातली काच

"साधा कॅमेरा असला तरी चालतो." मोबाइलवरच्या व्हिडिओंतून हे वाक्य ज्यांनी ज्यांनी मला ऐकवलं, त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. कॅमेरा चालतो हो, पण त्या कॅमेऱ्याचा अर्धा मालक आपला मोठा भाऊ असेल तर काय करायचं, हे एकानेही सांगितलं नाही.

शहाद्यात आमचा दोघा भावांचा फोटो स्टुडिओ. लग्नात तो फोटो काढायचा, मी व्हिडिओ. फोटोचे कॅमेरे दोन होते. चांगला भावाच्या गळ्यात असायचा आणि जुना बॅगेत, पहिला बिघडलाच तर असावा म्हणून. त्या जुन्यावर माझा डोळा होता.

मला मृग नक्षत्रातला तेजोमेघ हवा होता. मधल्या तीन ताऱ्यांच्या थोडं खाली नीट पाहिलं तर एक धुरकट ठिपका दिसतो, तोच. लोकांच्या फोटोंत तो लालभडक असतो. आमच्या धंद्यात अमावस्येला मुहूर्त नाही म्हणून काम नाही, आणि आकाशाचा फोटो काढायचा तर अमावस्येसारखा दिवस नाही. इतका सोयीचा योग माझ्या पत्रिकेत दुसरा नसेल. भावाला मात्र तो अवलक्षणी वाटला.

"आमुश्याले बाहेर काढेल कॅमेरा नवरीना पुढे धरानं नही," तो म्हणाला. दसऱ्याला कॅमेऱ्यांना हळदकुंकू लावणारा माणूस, दुसरं काय बोलणार! मी कॅमेरा नेलाच.

धडगावच्या घाटात एका वळणावर ट्रायपॉड लावायचो. पहिल्या खेपेला सगळे तारे लांबुळके आले, भाताच्या शितांसारखे. शटर पंधरा सेकंद उघडं ठेवलं होतं, तेवढ्यात आभाळ सरकतं. मग चार-चार सेकंदांचे शेकडो फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकावर एक बसवायचे, हे कळलं. फोकस हाताने जुळवून लेन्सला चिकटपट्टी मारायची, तेही कळलं. शेवटी लेन्सला झाकण लावून नुसत्या अंधाराचेही फोटो काढायचे, म्हणजे कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग वजा करता येतात. हे सगळं चालू असताना धडगावकडून भरून येणारी जीप हमखास थांबायची, दिवे थेट माझ्या लेन्सवर, आणि ड्रायव्हर विचारायचा, "काय दिखस?" तुझे दिवे दिखस, दुसरं काय! एकाने तर चंद्र दाखवायला सांगितलं. अमावस्येला. मी त्याच्या अंगावर इतका ओरडलो की मागे बसलेल्या बायकांनी पदर तोंडाशी धरले.

चौथ्या की पाचव्या खेपेला तेजोमेघ आला. करड्या रंगाचा, कडेला जरासा गुलाबी. तरीही आला. तो मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडला आणि मागे चार गिऱ्हाइकं उभी असताना भाऊ म्हणाला, "लेन्सले बुरशी लागेल शे, साफ कर."

गिऱ्हाइकं हसली. मी चिडून म्हणालो, याने जन्मभर पंगतीतले तोंडात लाडू कोंबलेले चेहरे टिपले, याला आभाळातलं काय कळणार? गिऱ्हाइकं आणखी हसली, या वेळी त्याला. त्या दिवसापासून आमचा अबोला. काम चालूच होतं, पण तोंडात मिठाची गुळणी धरून. 'उद्या म्हसावदला आठ वाजता निघायचं आहे,' हे तो मला दुकानात आलेल्या पोस्टमनकडे बघून सांगायचा.

लाल रंग का येत नाही, हे मी वाचून काढलं. कॅमेऱ्याच्या आत, फोटो जिथे उमटतो त्या पट्टीपुढे एक निळसर काच असते. माणसांची कातडी माणसांसारखी दिसावी म्हणून ती गडद लाल उजेड अडवते. तेजोमेघाचा उजेड नेमका तसाच. म्हणजे साध्या कॅमेऱ्यात तो लाल बसूच नये अशी सोय कारखान्यातच केलेली. एका दुपारी भाऊ जेवायला गेला असताना मी घड्याळजीचे स्क्रू-ड्रायव्हर आणले, जुना कॅमेरा उघडला आणि ती काच काढली.

भावाला सांगितलं नाही. सांगायला आधी बोलावं लागलं असतं, आणि पहिला शब्द मी बोलणार नव्हतो. तसाही लग्नात तो कॅमेरा वर्षातून एखाददाच बाहेर निघायचा.

पुढच्या अमावस्येला लाल आला. नुसता ठिपका नव्हे, त्याच्या भोवतीही लाल पसरलेला, पांढरं धोतर रंगात बुडवून काढावं तसा. घाटात मी एकटाच मोठ्याने हसलो. तो फोटो मी कोणालाही दाखवला नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी खापर गावात लग्न होतं. नवरीच्या अंगणात हळद चालली होती आणि भावाच्या चांगल्या कॅमेऱ्याचं बरेच दिवस कुरकुरणारं शटर शेवटी अडकलं. त्याने दोनदा बटण दाबलं, बॅटरी काढून घातली, आणि मग बॅगेतून जुना कॅमेरा काढला. मी समोरच व्हिडिओ घेत होतो. त्याने तो डोळ्याला लावलेला मी माझ्या पडद्यावर पाहिला.

दोन शब्द पुरे होते. 'तो नको' एवढंच. अजून वेळ होता, नवरीच्या एकाच गालाला हळद लागली होती. मी वाट पाहिली की तो मला काहीतरी विचारेल. तो कशाला विचारेल? वर मांडवाचं कापड लालपिवळं होतं, त्यामुळे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर सगळं लालसर दिसलं तरी त्याने ते कापडावर ढकललं असणार. हळद संपेपर्यंत मी गप्प राहिलो. मग वरात, मग लग्न, आणि प्रत्येक वेळी मला वाटत गेलं की आता सांगून काय उपयोग.

दुसऱ्या दिवशी दुकानात फोटो उघडले. हळद विटकरी झालेली. नवरदेवाचा काळा कोट मरून रंगाचा, आंब्याची पानं गुलाबी. काच काढल्यामुळे फोकसही हुकलेला, त्यामुळे चेहरे भिजल्यासारखे. भावाने एकेक फोटो पाहिला. मग जुन्या कॅमेऱ्याची लेन्स काढून आत पाहिलं. कितीतरी वर्षं आपल्या हाताने कॅमेरे साफ करणारा माणूस तो, आतली काच नाही हे त्याला एका नजरेत कळलं. त्याने लेन्स परत लावली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी उत्तरं तयार ठेवली. चांगल्या कॅमेऱ्याची दुरुस्ती तू टाळलीस. गिऱ्हाइकांसमोर मला हसलास. अर्धा कॅमेरा माझाही आहे. रात्रभर मी ती घोकली.

खापरला आम्ही दोघं गेलो, भावाच्या गाडीने. नवरीच्या वडिलांनी बसायलाही सांगितलं नाही. लॅपटॉपवर दहाबारा फोटो पाहिले आणि त्यांचा आवाज चढला.

"मन्ही आंडेरनी हळद एकदाच लागनी व्हती! तिन्हं कुकू करी टाकं तुम्हीन!"

आतून नवरीची आई आली, पडद्यावर वाकून पाहिलं आणि परत आत गेली. मला वाटलं, आता भाऊ माझ्याकडे बोट दाखवणार. दाखव एकदा, मी वाटच पाहत होतो.

"चूक मन्ही शे," भाऊ म्हणाला. "कॅमेरा मन्हा हाततून पडना व्हता. मी कोन्हले सांगं नही."

त्यांनी त्याला जे सुनावलं ते त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. अख्ख्या खापरात तुमचं नाव कुणाला काढू देणार नाही, इथपर्यंत ऐकलं. मी शेजारी लॅपटॉप धरून उभा होतो. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्याचा राग आला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

येताना अक्कलकुवा गेलं, तळोदा गेलं. मग त्याने रस्त्यावरची नजर न काढता पहिल्यांदा माझ्याशी बोलायला तोंड उघडलं.

"ज्या लालसाठे तू कॅमेरा खोला, ते वनं का?"

"वनं," मी म्हणालो. आलाच होता तो लाल.

"चांगलं वनं?"

"हो."

"मंग बरं व्हयनं," तो म्हणाला. "कॅमेरा तुन्हा. आते दुकानमा येऊ नको."

मी भांडायला तयार झालो. घोकलेली सगळी उत्तरं जिभेवर होती, आणि त्यातलं एकही त्याने जे म्हटलं होतं त्याला लागू पडत नव्हतं. शहाद्यात त्याने गाडी थांबवली, कॅमेऱ्याची बॅग माझ्या मांडीवर ठेवली. मी उतरलो आणि चालायला लागलो. मागे गाडीचं दार वाजलं. गाडीत कायम पडून असलेला ट्रायपॉड मी विसरलो होतो. तो काढून, त्याचे तिन्ही पाय नीट मिटवून, भावाने माझ्या हातात दिला.