आतून लागणारी कडी

एव्हरिल हेदरिंग्टनने हार्डवेअरच्या दुकानात काउंटरमागे सव्वीस वर्षं काढली, आणि त्या सव्वीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला चुकीचा स्क्रू दिला नाही. हे तिचं म्हणणं नाही, गावाचं आहे. इंग्लंडातल्या डरहमच्या त्या टापूतल्या कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर पुरुषमाणसं घरी बसून काही ना काही ठोकत राहायची, आणि बिघडलं की एव्हरिलकडे यायची.

"एव्हरिल, कबुतरांच्या खुराड्याला काय लावू गं या खेपेला?"

"मागच्या खेपेला काय लावलं होतंस?"

"हूक."

"मग हूक सोडून काहीही लाव."

अशी ती. आई गेली त्या हिवाळ्यात मात्र ती झोपेनाशी झाली, मग जेवेनाशी, आणि एका सकाळी दुकानामागच्या अंगणात उभी राहून रडायला लागली ती थांबेचना. तिला टेकडीवरच्या इस्पितळात नेलं. गावात त्या इस्पितळाचं नाव कोणी घेत नाही. "वर जाऊन आली" म्हणतात, की झालं. एव्हरिल अकरा दिवस वर राहून आली.

औषधं लागू पडली, हे ती आजही कबूल करते. जेवणही बरं होतं. राग आहे तो न्हाणीघराच्या दारावर. त्या दाराला आतून कडी नव्हती. नर्स बायका दारावर टकटक करायच्या खऱ्या, पण ज्या हाताने टकटक त्याच हाताने दार ढकलायच्या. "आहेस ना गं? ठीक आहेस ना?" दुसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा नर्सच्या मागे धुण्याची गाडी घेतलेला माणूसही उभा होता. एव्हरिल टबात. त्याने लगेच मान वळवली, बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पण त्यानंतर ती टबात बसली नाही. उभ्याने, अंगाला टॉवेल गुंडाळून, एक डोळा दारावर ठेवून चार तांबे ओतून घ्यायची, आणि शेवटचे तीन दिवस तेही सोडलं. पुढे तिने आपले कागद मागवून वाचले. त्यांत लिहिलं होतं, 'रुग्ण स्वच्छतेकडे दुर्लक्ष करते.' म्हणून गोळी वाढवली होती. दाराबद्दल एक अक्षर नव्हतं.

घरी आल्यावर दुकानाचा मालक रेन भेटायला आला तो फुलं घेऊन. कामावर गेली तर म्हणाला, "तू आता मागे कोठारात बसत जा एव्हरिल. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

"का? हात थरथरतात का माझे?"

"तसं नाही गं. पण गिऱ्हाइकं... म्हणजे सुऱ्या आहेत, थिनर आहे..."

सव्वीस वर्षं सुऱ्या होत्याच की! तिने तीन महिने कोठारात खिळ्यांची खोकी लावली. पुढून आवाज यायचे, "एव्हरिल कुठंय?" आणि रेनचं ते हळू आवाजातलं उत्तर. मग एक दिवस तिने एप्रन काढून हुकाला लावला आणि निघून आली.

घरी बसून ती झुरली असती, पण तिला नॉर्मन ट्यूलिप भेटला. नॉर्मन आधी बस चालवायचा. त्याला वीस वर्षांपासून आवाज ऐकू येत होते, आणि तो ते कोणापासून लपवत नसे. दर शनिवारी बाजारात भाजीवाला आणि मोजेवाला यांच्यामध्ये तो एक घडीचं टेबल मांडायचा. वर पत्रकं आणि चहाचा थर्मास. 'आम्हाला विचारा' असं लिहिलेली पाटी. माणसं त्या टेबलाला इतका लांबचा वळसा घालायची की मोजेवाल्याने एकदा तक्रार केली, त्याचंही गिऱ्हाईक तुटतं म्हणून. एव्हरिल त्या टेबलापाशी उभी राहू लागली. जे तिच्याकडून स्क्रू घ्यायचे तेच आता कोबी निरखत पुढे सटकायचे. तिला ते फार लागायचं. लागलं की ती आणखी ताठ उभी राहायची.

एकदा एकजण थांबला. "तुम्ही दोघं खरंच वेडे आहात का हो?"

"मी आहे," नॉर्मन म्हणाला. "ही नुसती चिडलेली आहे."

पण त्याच शनिवारी एक बाई आली, बटाट्यांच्या पिशवीत पत्रक लपवलं आणि ओठ न हलवता म्हणाली, "माझा मुलगा वर आहे. कोणाला सांगू नका." एव्हरिलने सांगितलं नाही. त्या बाईसाठी ती नंतर वर्षभर पावसापाण्याची तिथे उभी राहिली.

मग बातमी आली की टेकडीवर बायकांसाठी नवा वॉर्ड बांधणार. आणि सरकारचं फर्मान होतं की अशा कामात ज्यांनी उपचार घेतलेत त्यांनाही सामील करून घ्यायचं. नॉर्मन म्हणाला, "जा तू. दारं तुला कळतात." एव्हरिल समितीवर गेली. तिला आता रुग्ण म्हणायचं नव्हतं. 'सेवा वापरणारी' म्हणायचं, जशी काही ती टपालाच्या खिडकीवर तिकिटं घ्यायला गेली होती. समितीचे अध्यक्ष गॅव्हिन प्रॉक्टर. उंच, गोड बोलणारे, प्रत्येकाचं नाव घेऊन बोलणारे. त्यांच्या हाताखाली इमोजेन नावाची तरुण मुलगी होती, आणि सेवा वापरणाऱ्यांचा सहभाग वाढवणं हीच तिची नोकरी होती. पहिल्या बैठकीत खायला चीज घातलेले गरम स्कोन-पाव होते, लोणी होतं, आणि 'एव्हरिल' असं लिहिलेली पाटी खुर्चीसमोर होती. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, अभिमान वाटला.

तिने एकच गोष्ट मागितली. न्हाणीघराला आतून कडी.

"जोखीम आहे एव्हरिल," प्रॉक्टर म्हणाले. "कोणी आत कोंडून घेतलं तर?"

एव्हरिलने पिशवीतून नमुना काढून टेबलावर ठेवला. आतून अंगठ्याने फिरवायची कडी, बाहेरून एक खाच. खाचेत नाणं घालून फिरवलं की उघडली. तिने दोन सेकंदांत उघडून दाखवली. कोणी काही अडकवून जीवाचं बरंवाईट करील म्हणाल, तर मूठ अशी गोल गुळगुळीत की सुतळीसुद्धा टिकायची नाही. तिने सुतळीही आणली होती. घसरवून दाखवली.

"फारच मोलाचं," इमोजेन म्हणाली आणि लिहून घेतलं.

पुढच्या बैठकीत इतिवृत्त आलं. 'एव्हरिल यांनी गोपनीयतेबद्दल भावना मांडल्या. नोंद घेतली.'

"भावना नाही मांडल्या मी," एव्हरिल म्हणाली. "कडी मांडली. इथे, या टेबलावर."

"दुरुस्ती करून घेऊ."

दुरुस्ती झाली. 'भावना' जाऊन 'मत' आलं.

चौदा महिने हे असं चाललं. दर बैठकीला ती कडी पिशवीतून निघायची आणि पिशवीत परत जायची. सेवा वापरणाऱ्या म्हणायचं की आणखी काही, यावर एक अख्खी बैठक गेली. पडद्यांच्या रंगावर दोन गेल्या. पडद्यांचा रंग मात्र 'वापरणाऱ्यांनीच' ठरवायचा होता. जुन्या रुग्ण बायकांची मतं मागवली, मोजली, कौतुक झालं आणि फिकट जांभळा ठरला. एव्हरिलला तो रंग बघून मळमळायचं. ती परत येऊन नॉर्मनवर ओरडायची, कारण बैठकीत ओरडायची सोय नव्हती. इतर कोणी सभेत टेबलावर हात आपटला तर तो 'ठाम' असतो, तिने आपटला तर इमोजेन पाण्याचा ग्लास पुढे करायची आणि हळूच विचारायची, "थोडा वेळ बाहेर बसायचंय का?" म्हणून एव्हरिल हात मांडीखाली घेऊन बसायला शिकली. चाळिशीतली, पन्नाशीतली माणसं तिच्यासमोर हातवारे करत भांडायची आणि ती शाळेतल्या पोरीसारखी हातांवर बसलेली.

"सोड ना तो नाद," नॉर्मन एकदा म्हणाला. "तुला वाटाण्याच्या अक्षता लावल्यात त्यांनी. तुला कळत नाहीये एवढंच."

"कळतंय रे. पण मी उठले तर त्या खुर्चीत बसून कडी कोण मागणार? इमोजेन?"

वॉर्ड तयार झाला. उद्घाटनाला एव्हरिलने दोन शब्द बोलायचे होते. तिने लिहून दिलेले दोन शब्द इमोजेनने तपासून, एक वाक्य गाळून परत पाठवले. कुठलं ते सांगायला नको. त्या दिवशी एव्हरिल लवकर पोचली आणि कोणी पाहुणा यायच्या आधी सरळ न्हाणीघराकडे गेली. दार नवंकोरं, पांढरं. तिने आतल्या बाजूने अंगठा फिरवला. गुळगुळीत. कडी नव्हती, कडीसाठी भोकसुद्धा पाडलेलं नव्हतं. म्हणजे विसरले नव्हते. सुतार आला तेव्हा त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, कधीच सांगायचं नव्हतं. सव्वीस वर्षं दारांच्या कड्या-बिजागऱ्या विकलेल्या बाईला हे दारच सांगत होतं.

ती माइकपाशी गेली तेव्हा हातात कागद होता, पण तिने तो वाचला नाही.

"पडदे छान आहेत," ती म्हणाली. "पडदे आमच्या मताने लावले. दार तुमच्या मताने लावलंत. चौदा महिने मी एक कडी मागतेय. तुमच्यातल्या कोणाच्या घरी न्हाणीघराला कडी नाही, हात वर करा." कोणी हात वर केला नाही. तिचा आवाज चढला. "मग आम्ही काय केलंय? आजारी पडलो, एवढंच ना?"

प्रॉक्टरांनी हसत हसत तिच्या कोपराला हात लावला. "एव्हरिल फार तळमळीने बोलतात." मग खाली वाकून, पण माइक चालू होता, "आज बरं वाटतंय ना तुम्हाला? गोळ्या चालू आहेत ना?"

"तिला बरंच वाटतंय!" मागून नॉर्मन ओरडला. "दाराचं बोला!"

लोक हसले. कोणावर हसले ते तिला कळलं नाही. मग फीत कापली आणि सगळे चहाला गेले.

तीन दिवसांनी इमोजेनचं पत्र आलं. तुमच्या आरोग्याची आम्हाला काळजी वाटते, तेव्हा काही काळ समितीच्या कामातून विश्रांती घ्यावी. परिचारक भेटून बरं असल्याचं कळवतील, त्यानंतर पाहू. एव्हरिलने पत्र चारदा वाचलं. शिवी असती तर तिने परतवली असती. काळजीचं ती काय करणार होती?

मंगळवारी परिचारक आला. डीन त्याचं नाव. पोरगेलासा, भला, बूट दारात काढून आत आलेला. तिने चहा ठेवला आणि खुर्चीत बसली. हात मांडीखाली.

"झोप कशी आहे?"

"सात तास."

"भूक?"

"आहे."

"चिडचिड होते का हल्ली?"

"होते. दारामुळे."

त्याने लिहिलं. काउंटरपलीकडच्या गिऱ्हाइकांच्या याद्या उलट्या बाजूने वाचण्यात एव्हरिलची हयात गेली होती. 'चिडचिड: आहे.' पुढे काही नाही.

"दारामुळे हे लिहिलं नाहीस, बाळ."

"त्याला रकाना नाहीये इथे," तो ओशाळून म्हणाला. "मी पुढे कळवीन नक्की."

पुढे कळवीन! तिला वाटलं, उठावं, तो फॉर्म टराटरा फाडावा, दारं आपटावी, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडावं. आणि तसं केलं की हा पोरगा ते सगळं इमानेइतबारे लिहील, त्यासाठी रकाने आहेत. ती हलली नाही. चहा गार होत होता.

"मला जरा... बाथरूम कुठे आहे?" डीनने विचारलं.

"जिन्याच्या वर, डावीकडे."

तो वर गेला. घर लहान, भिंती पातळ. दार बंद झालं, आणि मग कडी सरकल्याचा खट्ट आवाज स्पष्ट खाली आला. एव्हरिल जिन्याकडे बघत राहिली. तिने हात मांडीखालून काढले.

तो हात पुसत खाली आला.

"कडी लावलीस ना?"

"काय?"

"वर. कडी लावलीस आतून. ऐकू आली मला."

"हो... लावली असेल."

"का? घरात मी एकटी. पन्नाशी उलटलेली बाई, तीही खाली. कोण येणार होतं वर?"

डीनने कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"सवय असते हो," तो म्हणाला.

"मलाही होती," एव्हरिल म्हणाली. "अकरा दिवसांत मोडलीत तुम्ही लोकांनी."