पाच वाजताचं पाणी

माझी आत्या सत्तावीस वर्षं सांडपाण्याच्या केंद्रात बाटल्या भरत होती. कागदोपत्री ती नमुना सहायक, पण सगळ्यांसाठी बाटलीबाई. तिला त्याचं काही वाटायचं नाही. मला मात्र चीड यायची, कारण बाटलीबाई म्हणून हाक मारणारे आमचे मुख्य साहेब स्वतः टाक्यांपासून दहा हात लांब, नाकाला रुमाल लावून उभे राहायचे. मी तिथेच केमिस्ट म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी आत्या म्हणाली, "कागदावर तू माझी साहेबीण. पण पाणी कसं ओळखायचं ते माझ्याकडे शिकायचं."

आणि शिकवलंच तिने. मोरीतलं, संडासातलं पाणी आमच्या टाक्यांत येतं आणि तिथले जिवाणू त्यातली घाण खातात. पण माणसाने गिळलेली गोळी सगळीच्या सगळी अंगी लागत नाही. उरलेली बाहेर पडून आमच्याकडे येते, आणि तिला जिवाणू तोंड लावत नाहीत. कपड्यांच्या साबणातलंही काही तसंच चिवट. ते धरायला शेवटी कोळशाची टाकी आहे. कोळसा हे सगळं स्वतःला चिकटवून घेतो, पण त्याचंही पोट भरतं, मग तो बदलावा लागतो. पोट भरलंय की नाही हे आत्या यंत्राशिवाय सांगायची. टाकीतून निघालेल्या पाण्याने बाटली अर्धी भरायची, जोरात हलवायची आणि फेस बसेपर्यंत आकडे मोजायचे. पाचाच्या आत बसला तर कोळसा ठीक, नाही तर साबण निसटतोय.

केंद्रात नमुना सकाळी अकराला घ्यायची पद्धत. का, तर साहेब दहाला येणार, त्यांचा चहा होणार, आणि पावणेपाचला सगळ्यांना घरी नेणारी गाडी सुटणार. त्याच्या आत तपासण्या उरकायला हव्यात ना! घरातून निघालेल्या पाण्याला केंद्रातल्या शेवटच्या नळापर्यंत यायला नऊ-दहा तास लागतात, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. पदवी असून माझ्याही नाही. म्हणजे आम्ही वर्षानुवर्षं तपासत होतो ते गाव झोपलेलं असतानाचं पाणी. सकाळची धुणी, आंघोळी, औषधं घेणाऱ्यांचे संडास, हे सगळं बाहेर पडायचं पाचच्या पुढे, आम्ही घरी गेल्यावर. एकदा आत्याची गाडी चुकली, म्हणून तिने सहज एक बाटली भरून हलवली. चाळीसपर्यंत मोजलं तरी फेस बसेना.

तेव्हापासून ती मुद्दाम गाडी चुकवायची आणि चालत घरी यायची. पुढच्या महिन्यापासून आमचं पाणी तळ्यात सोडायचं ठरलं होतं, आणि खालची अख्खी वस्ती त्या तळ्याचं पाणी पिते. आधी कोळसा बदला, मग सोडा, एवढंच तिचं म्हणणं. मी तिची पाचची बाटली बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. अहवाल आला. अंगदुखीच्या गोळ्या, मधुमेहाच्या गोळ्या, फिट्सच्या गोळ्या, सगळ्या कोळशातून निसटून बाहेर.

साहेबांनी अहवाल वाचला आणि विचारलं, "पाचचा नमुना मागितला कुणी?"

"ते पाणी पाचलाच येतं, साहेब," आत्या म्हणाली.

"नियमात अकरा आहे, आणि अकराचा नमुना उत्तम आहे. कोळसा बदलायचा म्हणजे टाकी पंधरा दिवस बंद. तारीख ठरलीय, पाहुणे ठरलेत. तुम्ही बाटल्या भरा, बाई."

अहवाल ड्रॉवरमध्ये गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि तरी मी मूग गिळून बसले होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमतात, हे मला त्या दिवशी कळलं.

चार दिवसांनी दाखला तयार झाला. 'पाणी सर्व वेळी योग्य आढळले', आणि खाली नमुना घेणाऱ्याच्या सहीची जागा. आत्याने 'सर्व वेळी'वर काट मारली, वर 'सकाळी अकराला' असं लिहिलं आणि सही ठोकली. दुसऱ्या दिवशी तिची बदली झाली, आवारातल्या बागेत, झाडांना पाणी घालायला. सत्तावीस वर्षांच्या नोकरीचं हे चीज!

मग दाखल्याची नवी प्रत माझ्या टेबलावर आली, 'सर्व वेळी' पुन्हा जसंच्या तसं आणि सहीच्या जागी आता माझं नाव. त्यासोबत साहेबांनी सहज बोलल्यासारखं सांगितलं, की मला कायम करण्याचा कागद त्यांच्याकडे सहीला आलाय. जास्त काही बोलायची त्यांना गरजच पडली नाही.

पाणी सोडण्याचा समारंभ झाला, वेळ अर्थातच अकराची. साहेबांनी काचेचा ग्लास भरून उंच धरला, फोटो काढून घेतले आणि तोंडाला न लावताच तो ठेवून दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत खालच्या वस्तीतल्या बायका कडेवर पोरं घेऊन उभ्या होत्या.

दाखल्याची प्रत फाटकाशी लावली होती. जाताना पाहिलं तर आत्या हातातला पाइप तसाच वाहता ठेवून ती वाचत होती.

"सही तुझी आहे," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

"आत्या, मी नसती केली तर दुसऱ्या कुणी केली असती."

"मग दुसऱ्याला करू द्यायची होतीस," आत्या म्हणाली.